चांदणीवाले पेशंट

डॉक्टरसाहेब, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज तुमच्याशी भांडायचं आहे.

नेपियर टाउनमधला तुमचा दवाखाना आता ताई, तुमची लेक, चालवतात. मी अजून तिथंच, कंपाउंडर. तुमचा काळ्या पडद्याचा कॉम्प्युटरही कोपऱ्यात आहे, पेशंटांची सगळी माहिती त्यात. पण नवं वाय-फाय त्या मशीनला ओळखत नाही, आणि त्यातली फाइल नव्या मशीनवर उघडत नाही. म्हणून गेल्या आठवड्यात ताईंनी एका कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्यानं मशीन खोलून फाइल काढली, नव्या पद्धतीची करून दिली. "दादा, सब आ गया. बस कचरा छोड़ दिया," म्हणाला. मी मान हलवली.

आज चेरीतालच्या आजी आल्या, पायाला गळू घेऊन. ताईंनी नाव शोधलं, सापडेना. "नवीन पेशंट का?"

"अवं, तुझ्या जन्माआधीपासून येऊन राहिली मी!"

"पेनिसिलिन चालते ना, आजी?"

"मले काय माहीत? तुझे बाबा पाहून घ्यायचे."

ताई सिरिंज भरायला लागल्या. मी भित्रा माणूस. इतक्या जुन्या बाईचं नाव नाही म्हणजे काय? मी जुनं मशीन सुरू केलं. ते नेहमीसारखं रेंगाळलं. "काका, आता ते काहून सुरू केलं?" ताई चिडल्या. मग नाव आलं, आणि नावापुढं चांदणी, पेनिसिलिन न चालणाऱ्यांपुढं तुम्ही टाकायचात ती. "सुई नको!" मी असा ओरडलो की बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले.

ताईंनी कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "मैडम, उसमें स्टार मतलब डिलीट किया हुआ. नया वाला उनको लेता ही नहीं."

म्हणजे पुसायची खूण तुम्ही धोक्याची खूण म्हणून वापरलीत. ज्यांचा पेनिसिलिनच्या सुईनं जीव जाऊ शकतो, नेमकी तीच माणसं कचरा म्हणून गेली. वर पेशंटलाही सांगायचं नाही, का, तर तो घाबरतो! चांदणी कशाला, साधं लिहून का ठेवत नाही, असं मी एकदा विचारलं होतं. भरल्या दवाखान्यात तुम्ही म्हणालात, "आठवी नापास, मले शिकवून राहिला का?" सगळे हसले. मीही हसलो. हुशारी तुमची, आणि धाकधूक आम्ही वागवायची.

संध्याकाळभर मी चांदणीवाली नावं नव्या मशीनमध्ये घालतो आहे. प्रत्येकापुढं सरळ लिहितो: पेनिसिलिनची सुई देऊ नका. एखादं सुटलं तर, म्हणून पुन्हा पहिल्यापासून बघतो.

हा कागद ताईंच्या नजरेला पडायच्या आत मी फाडणार आहे. दुपारी त्या भरलेली सिरिंज हातात धरून तशाच उभ्या होत्या. "काका, बाबांनी असं काहून केलं?"

"त्या मशीनचीच खोड आहे, ताई. बाबांचं काही नाही."

पटकन बोलून गेलो, साहेब. विचारसुद्धा करावा लागला नाही. सगळ्यात जास्त राग मला त्याचाच आहे.