मैनेच्या कमरेवरचा डाग

प्रिय अजिनाथदादा,

फोन उचलत नाहीस, म्हणून ज्ञानूमामांच्या हाती ही चिठ्ठी. ते मेंढ्यांच्या तळावर येतायत. मी वळसंगला आईच्या अंगणात बसलेय, पण बसवत नाही. दोन ओळी लिहिते, उठून तुझ्या घोडीकडे बघून येते.

मैना अजून उभी आहे, पण मागचे पाय तिचं ऐकत नाहीत. वळताना कंबर एकीकडे जाते, पाय दुसरीकडे. रक्तात काही सापडलं नाही. मला कुमरीचा संशय आहे. गुरांच्या पोटातले जंत डासांमार्फत घोड्याच्या मणक्यात शिरतात, तो रोग. तसं असेल तर सूज उतरवणारं औषध द्यायचं. पण दुसरा कुठला संसर्ग असला, तर त्याच औषधानं ती हातची जाईल. मणक्यातलं पाणी तपासल्याशिवाय नुसत्या अंदाजावर औषध द्यायची माझी छाती नाही.

ते पाणी कमरेतून काढतात, थोडी गुंगी देऊन, घोडं उभं असतानाच. आणि नेमका तिथंच तू तापल्या सळईनं डाग दिलायस! जखम चिघळलीय. तिथून सुई घातली तर पू थेट मणक्यात. मला फार राग आला. लहानपणी काविळीत आबांनी तुझ्या दंडावर डाग दिला आणि तू बरा झालास, म्हणून तुझा विश्वास. आई अजून तुझीच बाजू घेते, "त्यानं काय वाईट चिंतलं हुतं व्हय? लेकरागत जपलीया तिला." मला कळत नाही का ते? पण घरात जनावरांची डॉक्टर असताना एक फोन करायला काय झालं होतं तुला?

आता डोक्याच्या मागून, मानेतून पाणी काढायचं. त्यासाठी पूर्ण भूल देऊन तिला आडवी करावी लागेल. सोमवारी आमचे सर येतायत, अंगणात भुसा पसरून ठेवलाय. पाणी मिळेल. काळजी आहे ती तिच्या उठण्याची. भूल उतरताना घोडं घाबरून धडपडतं. मागच्या पायांत बळ नसताना ती अशी कोसळली, तर पुन्हा उभी राहायची नाही.

परवानगी मागायला मी लिहीत नाहीये. मला भीती वाटते, म्हणून लिहितेय. माझा हात लागला की मैना अंग चोरते. काल आईनं नुसतं तुझं नाव घेतलं, तर कान टवकारले तिनं. शुद्धीवर येताना तू उशाशी असलास तर ती दमानं उठेल. मेंढ्या मामांवर सोड आणि ये. डागाबद्दल मी एक शब्द काढणार नाही. तू फक्त तिच्याशी बोलत राहा.

तुझीच, रस्त्याकडे डोळे लावून बसलेली,
प्रियंका