टाकीत ओतलेले चिकू

१२ जाने.
थंडीने गोबरगॅस कमी. भाकऱ्या होईस्तोवर ज्योत मंदावते. कोसबाडच्या प्रशिक्षणात सांगितलं तसं शेण कोमट पाण्यात कालवते, रोज ढवळते. फरक पडतोय, पण हळू. ह्यांना हळू काही चालत नाही. "वाडीत चिकू सडतोय, तो टाक. गोड माल, धबाधबा गॅस येईल." म्हटलं, थोडा, कुस्करून, शेणात मिसळून बघू. हसले.

१४ जाने.
संक्रांत. मी हळदीकुंकवाला गेले आणि इकडे ह्यांनी चिकूच्या टोपल्याच्या टोपल्या टाकीत ओतल्या! ह्यांच्या आई म्हणाल्या, "मी नको नको सांगत होते गं. ऐकतो का तो कोणाचं?"

१५ जाने.
सकाळी ज्योत मोठी. ह्यांची छाती फुगलेली. "सांग तुझ्या कोसबाडवाल्यांना." डोकं तापलं.

१९ जाने.
टाकी आंबली. कुंडीतून फेस, शिळ्या ताडीसारखा वास. शेगडी भकभक करून विझते. ह्यांचं म्हणणं, म्हशीचं शेणच पातळ. म्हशीचं! तिने ओतले का चिकू?
आणि सिलिंडर? तो तर टाकी सुरू झाल्याबरोबर ह्यांनी मोठ्या मनाने उधव्याच्या बहिणीला दिला. "आता आपल्याला काय गरज?" म्हणाले. आता परत चूल. आईंच्या दम्यासाठी तर ही टाकी बांधली. डॉक्टरांनी बजावलं होतं, धूर अजिबात नको.

२१ जाने.
अंगणात दगड मांडून रांधते, तरी वारा धूर घरातच नेतो. आई दुपारभर खोकत होत्या. मी भांडी आपटली. एक ताट चेपलं. चेपू दे.

२३ जाने.
कोसबाडच्या ताईंना फोन. नवीन काही टाकू नका, थोडी चुन्याची निवळी घाला, दुसऱ्या चालू टाकीतला शेणाचा रबडा आणून ओता. हे वेवजीच्या मित्राकडून ड्रम भरून घेऊन आले. "ढवळू का?" एवढंच. चूक झाली म्हणून तोंडातून निघालं नाही.

२८ जाने.
टाकी जराशी ताळ्यावर आली. शेगडीला काडी लावली. निळी पेटली, गेली. पुन्हा लावली. नाही.
वळून बघते तर आई चुलीपुढे, तोंडाला पदर, चहा ठेवतायत. "तुमची भांडणं नकोत म्हणून गं..." खोकल्याने पुढे बोलवेना.
त्यांच्या हातातली फुंकणी काढून ह्यांच्या हातात दिली. "फुंका."
पहिल्याच फुंकेला ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं. माझ्याकडे बघितलं.
मी म्हटलं, "अजून पेटली नाहीये."