डब्याची दुपारची झोप

मंगळवार, संध्याकाळ, वालूर

लाज वाटतेय आणि हसूही येतंय. महिनाभर संस्थेला कळवत आले की आमच्याकडं रोज दुपारी लाईट जाते, म्हणून डबा बंद पडतो. एकदाही आईला विचारलं का नाही मी?

क्रिप्टोचलनाच्या नोंदी कुणा एकाच्या मुठीत जाऊ नयेत, म्हणून त्यांच्या प्रती घरोघरी हव्यात. खेड्यातल्या साध्या घरात अशी प्रत टिकते का, एवढंच आमची संस्था तपासते, नफ्याशिवाय. माझी प्रत त्या काळ्या डब्यात, म्हणजे छोट्या संगणकात, आईच्या कोनाड्यात.

आज सेलूहून कामावरून दुपारीच परतले. लाईट होती. टेबलफॅन चालू, पण त्याचं तोंड डब्याकडं. डब्याचा हिरवा दिवा विझलेला. आणि आई घामाघूम, पदरानं वारा घेत बसलेली.

"आई, तू बंद करतीस हे?"

"मंग? लय तापायलंय बिचारं. रातंदिस जागंच. तुझ्यावानी."

"अगं, जगभरच्या लोकांचं काम असतं त्याच्यावर."

तिचा चेहराच उतरला. "माझ्यामुळं समद्यांचं बंद पडलं?"

"नाही गं. एकाचं बंद पडलं तरी बाकीच्यांचं चालतं. त्यासाठीच तर हा खटाटोप."

"मंग निजू दे की त्याला घटकाभर."

आत्ता अहवाल दुरुस्त केला. बंद पडण्याच्या कारणात 'लाईट' खोडून 'आई' लिहिलं. डबा उद्याही दुपारी निजेल. पंख्याचं तोंड तेवढं आईकडं वळवलंय.