अकरा पुरचुंड्या

९ जुलै
सकाळी चाकणात लॉरीत कांदा भरत होतो. वर ढगात विमान. इंजिनं एका सुरात, कुठं खरखर नाही, पण फार खाली. हमालांना म्हटलं, "हे डोंगराला धडकणार." हसले. मग एकच दणका. पुढं काही ऐकू येईना.
भरलेला कांदा उतरवून लॉरी घेऊन तिकडं निघालो. मुंबईला उतरायचं प्रवासी विमान, जवळच्या एका वाडीवरच्या कड्याला धडकलेलं. कोणी वाचलं नाही. अकरा जणांची प्रेतं वाडीकरांनी आगीतून ओढून काढलेली. दरसाल ज्यांचा कांदा मी उचलतो ते गेनूतात्या एकेकाला घोंगडीवर ठेवत होते. अंगठ्या, घड्याळं, साखळ्या उतरवत होते.
म्हटलं, "तात्या, हात लावू नका. पोलीस येऊ द्या."
"अंगावर सोनं ठिवून कुनाला झाकत्यात व्हय? तुमच्या चिंचवडात झाकत असतील."
ज्याचं त्याचं वेगळ्या फडक्यात बांधलं. ओळीतल्या पहिल्याच्या फडक्याला एक गाठ, दुसऱ्याच्या फडक्याला दोन, अशा अकरा पुरचुंड्या भैरोबापुढं. म्हणाले, "यांची मानसं येतील. त्यांला दुसरं काय देनार आमी?"

१० जुलै
अकरा जणांना माझ्याच लॉरीतून पुण्याला नेलं. ओळ मोडू दिली नाही. इस्पितळात नंबर पडले तेही त्याच ओळीनं. पाठ गेली.

१२ जुलै
पेपरात मोठ्या अक्षरांत: गावकऱ्यांनी प्रेते लुटली. कोणी पाहिलं? लिहिणारा वाडीत आला तरी होता का?
तात्या कोठडीत. सत्तरीचा माणूस! ठाण्यात गेलो तर फौजदारांनी जप्त केलेल्या पुरचुंड्यांच्या सगळ्या गाठी सोडून माल एका परातीत ओतलेला. पंचनाम्याला सोयीचं म्हणे.
"साहेब, गाठी मोजल्या होत्या का?"
"तू लॉरी चालव."
घरी येऊन फौजदारांच्या नावानं ओरडत होतो. ही म्हणाली, तुमचा आवाज शेजारी जातोय. जाऊ दे.

१३ जुलै
ठाण्याच्या ओट्यावर दिवसभर. विमान कंपनीचे दोन साहेब शेजारी. मी लष्करी डेपोत सात वर्षं पान्यानं नट आवळले, इंग्रजी तिथंच कानात मुरलं. माझं धोतर बघून बिनधास्त बोलत होते.
एक: विमान इतक्या आधी खाली का आलं, हे लोक विचारणारच.
दुसरा: सध्या तरी चोरीचंच विचारताहेत. चालू दे.
आणि मीच मागवलेला चहा प्यायले! कप हातातून काढून घ्यावासा वाटला.

१६ जुलै
परदेशातून एक बाई आली. इस्पितळात चेहरे ओळखण्यासारखे उरले नाहीत. परातीतली नवऱ्याची अंगठी तिनं लगेच ओळखली. मग विचारलं, हा कितवा नंबर? गाठी सुटल्या, ते आता एकट्या तात्यांनाच ठाऊक.
तात्यांना बाहेर आणलं. काल "ए म्हाताऱ्या", आज "बसा तात्या".
तात्यांनी परात न्याहाळली. "समद्यांचं सांगतो. माज्याच हातानं काढलंय. पर आदी त्या कागदावरचं चोर खोडा."
फौजदार म्हणाले, "तात्या, सरकारी कागद असा खोडता येत नाही."
"मग न्हाई सांगत."
मी हळूच म्हटलं, "तात्या, बाईकडे तरी बघा."
"बगतोय की. तिच्या नवऱ्याला चोरानं झाकलं, आसं कसं सांगू तिला?"
हे काय म्हणताहेत, बाईनं मला इंग्रजीत विचारलं. सांगितलं सगळं, गाठींसकट. ती उठली, तात्यांच्या बाकावर जाऊन बसली. आता दोघंही फौजदारांकडे बघताहेत. टाक दौतीत बुडवून झालाय. कागदावर अजून टेकलेला नाही. मी ओट्यावर बसून हे लिहितोय. विमान कंपनीच्या साहेबांचं तेरा तारखेचं बोलणं मात्र अजून पोटातच आहे. ते कुणाच्या कागदावर उतरणार?