लेन्स घेतली, एकटीनेच

पप्पा,

कॅमेऱ्याची लेन्स घेतली. "दुकानात थांब, आलोच," म्हणालात, म्हणून काउंटरवर थांबले. तुम्हाला हवी होती ती मोठी झूम लावून रस्ता बघत बसले. कोपऱ्यावरच्या न्हाव्याचा वस्तरासुद्धा दिसला, तुम्ही काही दिसला नाहीत. दुकानदार हसला, "शाळा सोडलीस, आता पप्पापण सोडून आलीस का गं?" डोकंच फिरलं. झूम त्याच्यापुढे ठेवली आणि झूम न होणारी छोटी फिफ्टी लेन्स उचलली. ट्रायपॉड, बॅग काहीच घेतलं नाही, ते तुम्ही निवडणार होतात.

स्टुडिओत कामाला चाललेय. जेवण झाकून ठेवलंय. कॅमेऱ्याला हात लावू नका.

आईचे फोटो मस्त आलेत. तुमचा राहिला. ह्या लेन्सने लांबचं जवळ येत नाही, माणसाला समोर येऊन उभं राहावं लागतं.

— भवानी