तेरा नावांची यादी

रत्नागिरी,
१६ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप भिकाजी आबांस,
मनस्वीचा सा. न. वि. वि.

तुमचे पत्र बुधवारी मिळाले. सुजय आपले मंडळ सोडून सडेवाडीकडून कबड्डी खेळू लागला, त्याची तक्रार स्पर्धा समितीकडे करायची आहे आणि त्यासाठी सगळा क्रम तारखांसह हवा आहे, असे तुम्ही लिहिले आहे. मंडळाचे ऑनलाइन काम मी बघते, म्हणून माझ्याकडे नोंद आहे तेवढे देते.

१. १० ऑगस्ट. आपल्या तामणवाडीच्या मंडळाची बैठक. सुजय तीन आठवडे सरावाला आला नव्हता. अध्यक्ष म्हणून तुम्ही सर्वांसमोर म्हणालात की, नातू आहे म्हणून कोणाची जागा पक्की नाही.

२. २४ ऑगस्ट. मी गावी आले असताना तुम्ही खेळाडूंची नावे लिहिलेला कागद माझ्याकडे दिलात.

३. ३१ ऑगस्ट. नोंदणीचा शेवटचा दिवस. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी यादी भरली गेली. यादीत तेरा नावे होती. सुजयचे नाव नव्हते.

४. ८ सप्टेंबर. समितीने सर्व मंडळांच्या याद्या जाहीर केल्या.

५. १९ सप्टेंबर. सुजयने सडेवाडीच्या मंडळात नाव नोंदवले; याद्यांनंतरही मंडळाला सप्टेंबरअखेरपर्यंत बाहेरचा एक खेळाडू घेता येतो. यादीत असलेल्या खेळाडूला दुसरीकडे जायचे तर जुन्या मंडळाचे ना-हरकत पत्र लागते. ज्याचे नाव कुठेच नाही, त्याला लागत नाही.

६. ९ नोव्हेंबर. सडेवाडीकडून त्याचा पहिला सामना. चढायांत अकरा गुण.

तक्रारीला याहून जास्त काही लागेल असे मला दिसत नाही.

कानाच्या मशीनचे सेल पाठवते आहे. पाकिटावर लिहिले आहे त्याच बाजूने बसवा. मागच्या वेळी उलटे बसवून तुम्ही मशीनला नावे ठेवली होतीत. आमच्या स्कॅन सेंटरमध्ये सध्या गर्दी आहे, तरी देवदिवाळीला एक दिवस येईन.

प्रकृतीची काळजी घ्यावी. लोभ आहेच, तसाच ठेवावा.

आपली,
मनस्वी

*

तामणवाडी,
ता. २५ नोव्हेंबर २०२५

चि. मनस्वीस,
आबाचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचले. मी चौतीस वर्षे एस.टी.च्या डेपोत गाड्या दुरुस्त केल्या. तुझे पत्र म्हणजे डेपोतल्या तक्त्यासारखे आहे गो. गाडी किती वाजता सुटली, किती वाजता पोचली, सगळे बरोबर. ती वाटेत कुठे बंद पडली, तेवढेच त्यात नाही.

मी तुला चौदा नावे दिली होती. तेराच गेली. मी म्हातारा झालो, पण माझ्या घरातली माणसे मला मोजता येतात. म्हणजे मधे कोणीतरी तुला फोन करून एक नाव काढायला सांगितले. कोणी, ते विचारायला नको. यादीतून नाव गेले की ना-हरकतीची कटकट नाही, हे सडेवाडीवाल्यांनी त्याच्या डोक्यात भरवले असणार. तू त्याला पाठीशी घालतेस. लहानपणीही तो कैऱ्या पाडायचा आणि तू झाडाखाली उभी राहून मी नाही बघितलं म्हणायचीस. तुझ्यावर माझा राग नाही. चुलत असला तरी भाऊ आहे तुझा.

पण मंडळाच्या पोरांना राग आहे. सुजयने फसवून आपले नाव यादीतून काढून घेतले, असे लिहून काल तक्रार गेली. तुझा क्रम सोबत जोडला आहे. सुनावणी २५ जानेवारीला देवरूखला आहे. दोन वर्षांची बंदी येईल म्हणतात. सही मी केली. पेन हातात धरून बराच वेळ बसलो होतो, मग केली.

एक विचारायचे होते. देवदिवाळीला मैदानावर नारळ ठेवून मी गाऱ्हाणे घातले तेव्हा तू बायकांच्यात पुढेच उभी होतीस. मी देवाला म्हटले, "ज्या कुणाच्या चुकीनं आमचं पोर फुटून पलीकडं गेलं, त्याला तूच वाट दाखव, म्हाराजा." सगळा गाव "व्हय म्हाराजा" म्हणाला. तू म्हणाली नाहीस. ज्याला ऐकू येत नाही तो ओठ बघतो. रत्नागिरीत राहून देवाला व्हय म्हणायचे विसरलीस काय?

सेल बरोबर बसले. मशीन चालू आहे, पण घरात ऐकण्यासारखे कोणी काही बोलत नाही.

येत जा. माया कमी होऊ देऊ नको.

तुझा,
भिकाजी आबा

*

तामणवाडी,
२८ डिसेंबर

चि. मनस्वीस,
मालनकाकीचे आशीर्वाद.

एस.टी.ने पिशवी पाठवली आहे, स्टँडवरून घेऊन जा. कुळथाची पिठी, आमसुले आणि तांदळाच्या फेण्या आहेत. फेण्या तळताना तेल तापू दे, तुझी घाई मला माहीत आहे.

चिठ्ठी पिशवीत घालते, कारण फोनवर बोलले तर भिंतीलाही कळते. सुजय हल्ली मागच्या दाराने घरात येतो. मामंजी जेवून उठले की तो पाटावर बसतो. एकाच घरात आजोबा-नातू, एकाच कढईतली आमटी, आणि चार महिने शब्द नाही. परवा मामंजी मला म्हणाले की त्याला सांग, विहिरीवरचा पंप नीट लावून ये. तो दोन हात अंतरावर उभा होता. मी सांगितले. त्याने मला सांगितले की त्यांना सांग, लावला आहे.

मैदानाच्या फलकावरचे त्याचे नाव पोरांनी काळ्या रंगाने पुसले. ते नाव मामंजींनी स्वतः लिहिलेले. भाताच्या झोडणीला यंदा आमच्याकडे कोणी आले नाही. सखूवहिनी तोंडावर गोड बोलली की अंग दुखते, आणि दुसऱ्याच दिवशी शेजारच्या खळ्यात दिसली. आम्ही मायलेकांनी दोघांनीच झोडले. त्याच्या डाव्या गुडघ्याला पट्टा असतो. विचारले तर म्हणतो, सगळेच खेळाडू बांधतात.

आता खरे कारण. सुजय म्हणतो, आबांनीच माझे नाव कापले, भर बैठकीत बोलले तसे करून दाखवले. मामंजी म्हणतात, त्यानेच काढून घेतले. दोघेही खोटे बोलणारे नव्हेत. यादी तू भरलीस. मामंजींनी नाव खोडले होते काय? मला एकटीला सांग, मी कोणाला सांगणार नाही. मला फक्त माझ्या घरात कोणाकडे बघून रागवायचे, ते कळू दे.

मायेत अंतर पडू देऊ नको.

तुझी,
मालनकाकी

*

रत्नागिरी,
१३ जानेवारी २०२६

तीर्थरूप भिकाजी आबांस,
मनस्वीचा शि. सा. न. वि. वि.

१६ नोव्हेंबरच्या माझ्या पत्रातले मुद्दे दुरुस्त करायचे आहेत. त्यात लिहिलेले काही खोटे नव्हते. जे लिहिले नाही, ते असे.

पहिल्या मुद्द्याच्या आधी एक मुद्दा यायला हवा होता. २२ जुलैला सुजय आमच्या सेंटरवर गुडघा दाखवायला आला. मशीनवर मीच होते. अठ्ठावीस मिनिटे तो हललाही नाही. त्याला असा स्थिर मी कधी बघितला नव्हता. डाव्या गुडघ्याचा आतला बंध अर्धा तुटला होता. डॉक्टरांनी सहा महिने मैदान बंद सांगितले. बाहेर आल्यावर त्याने रिपोर्टची घडी करून खिशात घातली आणि घरी कोणाला सांगू नकोस म्हणाला. मी मान हलवली. तिथे काम करणाऱ्याने रुग्णाचे बाहेर सांगायचे नसते, हा नियमच आहे. तो मी पाळला. तीन आठवडे तो सरावाला का आला नाही, हे बैठकीत फक्त त्याला आणि रत्नागिरीत बसून मला माहीत होते. तुम्ही त्याला बोललात, आणि नंतर तो तसाच पट्टा बांधून सरावाला उतरला.

तिसरा मुद्दा. यादी भरली गेली, असे मी लिहिले. यादी मी भरली. तुमच्या कागदावर चौदा नावे होती. कोणीही मला फोन केला नाही. कोणीही नाव काढायला सांगितले नाही. गावच्या घरी गौरी आल्या होत्या, सगळ्या बायका पुढच्या पडवीत होत्या आणि मी माजघरात लॅपटॉप घेऊन बसले होते. तेरा नावे भरली. चौदाव्याच्या जागी थांबले आणि यादी पाठवून दिली.

माझा विचार असा होता की नाव नसले तर तो एक हंगाम खेळू शकणार नाही. चिडेल, पण गुडघा भरून येईल. मला त्याचे गुपितही फोडावे लागणार नाही. नाव राहून गेले, असे मी नंतर म्हणणार होते. ना-हरकतीचा नियम मला माहीत होता. तो सडेवाडीला जाईल, एवढेच मी धरले नव्हते. ज्या दारातून तो गेला ते मीच उघडे ठेवले. नाव यादीत असते तर तुम्ही ना-हरकत दिली नसती, आणि तो घरीच राहिला असता.

चौथा मुद्दा. ८ सप्टेंबरला याद्या जाहीर झाल्यावर तो मला फोन करील म्हणून मी वाट बघितली. काय सांगायचे तेही ठरवले होते. फोन आला नाही, कारण त्याला संशय माझा आलाच नाही. त्याला तुमचे बैठकीतले वाक्य आठवले. मला सुटल्यासारखे वाटले. हे लिहायला मला सगळ्यात जड जाते आहे.

तुम्ही पत्रात फोनचे लिहिलेत तेव्हाही मी दीड महिना उत्तर दिले नाही. तुम्ही चुकीच्या माणसावर रागावला होतात आणि त्यात माझी सोय होती. देवदिवाळीला मी व्हय म्हटले नाही, ते विसरले म्हणून नव्हे. कैऱ्यांचेही सांगून टाकते. तेव्हा मी खरोखरच बघत नसे, मुद्दाम. म्हणजे मग खोटे बोलावे लागत नसे.

मालनकाकींचे पत्र आले. त्यांना एकटीला सांगून भागणार नव्हते, म्हणून परवा रविवारी मी सुजयला देवरूखच्या स्टँडवर भेटले आणि सगळे सांगितले. गुडघ्याचे आबांना लिहू का, असे विचारले. तो म्हणाला, लिही, आता झाकून कोणासाठी ठेवू? मला वाटले होते, तो ओरडेल. त्याने फक्त एक विचारले.

"आबांच्या हातच्या कागदावर माझं नाव होतं?"

मी होते म्हटले. त्याने कितवे होते ते विचारले. मी कागद बरोबर नेला होता, तो दाखवला. त्याने तो बराच वेळ धरला, वाचायला लागतो त्याहून जास्त वेळ. मग माझ्या हातात परत दिला आणि राजापूरची गाडी लागली होती तिच्याकडे बघत राहिला. मी हाक मारली, तेव्हा हाताने जा अशी खूण केली. मला त्याने माफ केलेले नाही, हे तुम्हाला माहीत असावे.

त्याचा गुडघा पहिल्यापेक्षा वाईट आहे. चालताना डाव्या पायावर भार टाकत नाही. तरी तो सडेवाडीला शब्द दिला आहे म्हणतो, आणि शब्द मोडणार नाही. बंदी आली तर दोन वर्षे गुडघ्याला आपोआप विश्रांती मिळेल, हा विचार माझ्या मनात येऊन गेला. त्यावरून मला कळले की मी ऑगस्टमध्ये होते तीच अजून आहे. म्हणून पुढचे मी एकटीने ठरवत नाही. खेळायचे की थांबायचे, हे त्याला सांगण्याचा अधिकार कोणाला असेल तर तुम्हाला आहे, आणि तोही त्याच्या तोंडावर, मालनकाकींच्या मार्फत नव्हे.

सुनावणीला मी जाणार. तक्रारीला जोडलेला क्रम माझा आहे, तो अपुरा आहे आणि नाव मी वगळले, हे लेखी देणार आहे. तुमची सही चुकीच्या गोष्टीखाली माझ्यामुळे गेली. मंडळाच्या पोरांना मी स्वतः सांगेन, मैदानावर, फलकासमोर. ते काय म्हणतील ते ऐकून घेईन. सेंटरमधल्या रिपोर्टचा मी असा उपयोग केला हे माझ्या वरिष्ठांनाही सांगितले आहे. त्यांचा निर्णय अजून कळलेला नाही.

दहावीनंतर माझ्या प्रवेशासाठी तुम्ही मला पहिल्या गाडीने रत्नागिरीला आणले होते. फॉर्म मी भरत होते आणि तुम्ही शेजारी उभे होतात. तुम्हाला त्यातले इंग्रजी वाचता येत नव्हते, तरी पोरगी लिहिते आहे म्हणजे बरोबरच असेल, असे तुम्ही खिडकीतल्या माणसाला सांगितलेत. ३१ ऑगस्टला मी तुमच्या त्याच विश्वासावर यादी भरली.

तुमचा कागद सोबत पाठवते आहे. मूळ आहे, तो आता माझ्याकडे राहणे बरोबर नाही. पहिल्या क्रमांकावर सुजयचे नाव आहे. बैठकीत तसे बोलल्यानंतर दोन आठवड्यांनी तुम्ही ते लिहिलेत, आणि बाकी तेरांपेक्षा जरा मोठ्या अक्षरात. हे त्याने परवा बघितले. तुम्ही त्याला कधी सांगितले नसेल.

लोभ ठेवा म्हणायचा हक्क या वेळी मला नाही. नमस्कार मात्र करते.

आपली,
मनस्वी

ता. क. २५ तारखेला मी परस्पर देवरूखला जावे, की आधी घरी यावे? टपालाला तीन दिवस लागतात. मंगळवार, २० जानेवारीपर्यंत मला मिळेल असे उत्तर पाठवावे. एक ओळ असली तरी चालेल.