घरी राहिलेली धडधड

३ तारीख, सोमवार

आले एकदाची! दोन बॅगा, एक गादी, एक खुर्ची आणि मी. तिसरा मजला, लिफ्ट नाही. वर येईपर्यंत टेम्पोवाल्याने घरमालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पण खुर्ची मात्र तान्हं बाळ ठेवावं तशी अलगद टेकवली. एक खोली, छोटं स्वयंपाकघर, रस्त्याकडे मोठी खिडकी. खिडकीपासून दारापर्यंत चौदा पावलं. बारा वर्षांच्या संसारात माझी अशी एवढी जागा कधी नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी रोज चार ओळी लिहायला सांगितल्यात. घटस्फोटाच्या कागदांवर सह्या झाल्या त्या दिवसापासून छातीत धडधडतं, हात कापतात, आणि एकदा सुरू झालं की मी येरझारा घालत सुटते. धडधडीशी भांडू नका, तिला बसायला जागा द्या, असं त्या म्हणाल्या. दादाला हे सांगितलं तर तो हसत सुटला. म्हणे, पाहुणी आली आहे तर पाणीही विचार की तिला.

५ तारीख, बुधवार

चष्म्याच्या दुकानात पहिला दिवस. मालकीणबाई चांगल्या आहेत, फक्त बोलायला लागल्या की विरामचिन्हं वापरत नाहीत. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांच्या दोन्ही बाहुल्यांमधलं अंतर मोजायचं, काच घासून फ्रेममध्ये बसवायची, नाकावरच्या गाद्या सारख्या करायच्या. हे सगळं मला येतं. पण काडीचा स्क्रू! मोहरीएवढा. हात असे थरथरत होते की तीनदा जमिनीवर पडला. एक सुतार चष्मा न्यायला आला होता, त्यानेच शेवटी खाली वाकून शोधून दिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

६ तारीख, गुरुवार

आज एक गंमत केली. निघताना खुर्ची खिडकीपाशी ओढली आणि धडधडीला चक्क मोठ्याने सांगितलं, तू इथेच बस, मी संध्याकाळी येते. दार ओढून लॅच लावलं. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत छाती शांत! स्क्रू पहिल्या फटक्यात बसला. संध्याकाळी दार उघडलं आणि ती परत आली, जशीच्या तशी. असू दे. दिवस तर माझा झाला.

१० तारीख, सोमवार

खालच्या मजल्यावरच्या काकांनी जिन्यात अडवलं. तीस वर्षं टायपिंग शिकवलंय त्यांनी, ठोके मोजायची सवय जात नाही. मी दिवसभर वर अनवाणी फिरते म्हणाले. चौदा पावलं, वळायचं, पुन्हा चौदा. मी सांगितलं, अहो काका, दिवसभर मी दुकानात असते. तर म्हणाले, माझ्या वयाचा तरी मान ठेवा, खोटं बोलू नका.

चौदा हा आकडा त्यांना कसा कळला, हे विचारायचं राहून गेलं.

१२ तारीख, बुधवार

आज संध्याकाळी घरी आल्यावर धडधड परत आलीच नाही. मी वाट पाहिली. छाती थंडगार. खरं तर आनंद व्हायला हवा होता. मग खुर्चीवर टेकले. बसायची जागा गरम होती.

१४ तारीख, शुक्रवार

शेजारच्या वहिनी दुपारी आमच्याकडे रडण्याचा आवाज ऐकून धावत आल्या म्हणे. साखळी न काढता मी दार बोटभर उघडलं आणि त्यांच्या तोंडावर आपटलं, असं त्या सगळ्या मजल्याला सांगत होत्या. मी दुकानात होते, मालकीणबाईंना विचारा, असं म्हटलं. वहिनींनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि आत निघून गेल्या. दाराला चिठ्ठी चिकटवलेली होती. नीट राहता येत नसेल तर जागा सोडा. अक्षर टाइप केल्यासारखं.

१७ तारीख, सोमवार

दुकानात एक शिंपीणबाई आली. चाळीस वर्षं सुई ओवली, आता दोरा दिसत नाही म्हणाली. तिच्या डोळ्यांच्या तपासणीचा कागद मी वाचला आणि सांगून टाकलं, चष्म्याने काही होणार नाही, शिवण बंद करा. ती काउंटरला धरून रडली. मी काच पुसत राहिले. ती गेल्यावर मालकीणबाई मला मागच्या खोलीत घेऊन गेल्या. इतकं कोरडं बोलतात का गं कुणाशी, म्हणाल्या. मी आत चाचपून पाहिलं. वाईट वाटायची जागा रिकामी होती.

माझी भीती मी घरात कोंडली. तिच्याबरोबर आणखी काय काय राहून गेलं?

१८ तारीख, मंगळवार

अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन दुपारी घरी गेले. तिला परत घ्यायचं ठरवूनच. रस्त्यावरून वर पाहिलं तर खिडकीत कुणीतरी उभं. माझा पिवळा गाऊन. तिने मला पाहिलं आणि वाघ पाहावा तशी मागे पळाली.

लॅच उघडलं, पण आतून साखळी. फटीतून एक डोळा. माझाच. मी शक्य तितक्या हळू आवाजात म्हटलं, अगं, मी आलेय, उघड.

ती किंचाळली.

वहिनी बाहेर आल्या, काका काठी घेऊन वर आले. मला वाटलं माझ्यासाठी. ते माझ्यासमोर उभे राहिले, दाराला पाठ लावून. काय म्हणून छळताय त्या पोरीला, काका ओरडले. ती घाबरून अर्धी झाली आहे. रोज संध्याकाळी कुणीतरी येतं म्हणून रडते बिचारी.

मी म्हटलं, वहिनी, मी इथे राहते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळख नावाला नाही.

१९ तारीख, बुधवार

दुकानाच्या मागच्या खोलीत राहतेय. मालकीणबाईंना रंगकामाचं कारण सांगितलं. खोटं बोलताना जीभ अडखळलीही नाही. आरशात स्वतःला पाहिलं. चेहरा आहे. पण कुणाचाही असू शकतो.

२० तारीख, गुरुवार

दादाला फोन लावला. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, अगं, सकाळीच तर बोललो ना आपण! मी निघालोय, उद्या दुपारपर्यंत पोचतो. तोवर ती बाई आली तर दार उघडू नकोस.

मी म्हटलं, दादा, मीच बोलतेय.

त्याने हळूच विचारलं, तू रडत का नाहीयेस?

मी रडायचा प्रयत्न केला. त्याने फोन ठेवला.

२१ तारीख, शुक्रवार. दुपार

जिन्यात बसलेय, दोन मजल्यांच्या मध्ये. दादा आत गेला. तिने साखळी काढली त्याच्यासाठी. लहानपणी ताप आला की घ्यायचा तसं जवळ घेतलं त्याने तिला. दार बंद होताना दिसलं —

आत रडणं. मग दादाचा आवाज. मग काकांचा. सगळे तिच्याभोवती.

मला ती हवी आहे. तिच्याशिवाय मी —

दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. दोन्ही हातांनी.

साखळीचा आवाज —

खाली आले चार पायऱ्या. पळावं असं वाटायला हवं. वाटत नाही.

दार उघडं. दादा. हातात काकांची काठी. माझा दादा, घामाने निथळलेला, मला घाबरलेला. त्याच्या मागे ती, त्याचा शर्ट धरून. हात कसे थरथरताहेत तिचे. किती जिवंत.

दादाने मान न वळवता विचारलं — हीच का गं ती?

ती माझ्याकडे बघतेय. सांग ना. सांग त्याला, मी —

तिने मान हलवली. हो म्हणून.

दादा उतरतोय. मी हाक मारली, पण आवाजात काहीच नाही, दुकानात गिऱ्हाइकाला बोलावल्यासारखी. दोन पायऱ्या राहिल्या. आणि माझं अक्षर अजूनही किती सरळ, किती सुबक येतंय. दादाने काठी उच